वाळूच्या पेटीपुढून तसंच गेलेलं पिस्तूल

माझं सध्याचं पोस्टिंग फुनाबोरी, तोक्यो. मुलाचं घर, सहावा मजला, हुकूम सुनेचा. सकाळी सहा चाळीसला कचरा खाली न्यायचा. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या धुऊन, झाकणं काढून. सात पंचावन्नला नात अन्वीला शाळेच्या बसपाशी सोडायचं. ती वाटेत जपानीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो, आणि आमचं व्यवस्थित चालतं.

त्याआधी सव्वीस वर्षं मी इन्फन्ट्रीत होतो. सुभेदार दत्ताराम गवस म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं कोतमध्ये गेली. कोत म्हणजे कंपनीची हत्यारं ठेवायची खोली. कोणतं हत्यार कुणाकडे आहे, कधी बाहेर गेलं, कधी आत आलं, भरलेलं आहे की रिकामं, याचा जबाब कोत एनसीओ, म्हणजे कोतवर नेमलेला हवालदार, देतो. तो मी होतो.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी चार वाजता प्रसाद आमच्याकडे आला. प्रसाद हा माझ्या मुलाचा, निखिलचा, मित्र. इचिकावाला राहतो, एका ट्रेडिंग कंपनीत आहे. वय अडतीस. सज्जन माणूस, कुणाला मोठ्यानं बोलणार नाही. कंपनी त्याला तीन वर्षांसाठी अमेरिकेत टेक्ससला पाठवत होती. बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी. त्यानं टॅबलेट उघडून माझ्यासमोर ठेवला.

"काका, तुमचं एक्स्पर्ट ओपिनियन हवंय. तुम्ही आर्मीत हेच काम करत होता ना?"

एक्सेलचं शीट होतं. उभ्या रांगेत नऊ पिस्तुलं. आडव्या रकान्यांत वजन, लांबी, जाडी, गोळ्या किती, किंमत, लोकांनी दिलेले स्टार. रंगसुद्धा भरले होते, हिरवा, पिवळा, लाल.

"मेन गन माझी ठरलीये," तो म्हणाला. "तिकडचे कलीग म्हणाले, एक बॅकअप पण ठेव. सबकॉम्पॅक्ट. खिशात मावेल अशी, अफोर्डेबल. फार चालवायची नाहीये, म्हणून त्यात उगाच पैसे नाही घालायचे."

मी शीट पाहत राहिलो. ज्या देशात भाजीची सुरी विकत आणली तर घरी येईपर्यंत खोक्यातून काढू नका म्हणून मुलगा बजावतो, त्या देशात बसून हा पिस्तुलांचे स्टार मोजत होता. त्याचा राग नव्हता आला. हसूच आलं होतं. राग पुढे आला.

"मेन कुठे ठेवणार?"

"तिजोरी घेणार ना. बोटाच्या ठशावर उघडणारी. त्यात काही रिस्क नाही घेणार मी, पिंकी आहे घरात."

"आणि ही छोटी?"

"ती काय, बॅगेत. नाहीतर गाडीच्या कप्प्यात. बॅकअप आहे काका, तिच्याकडे कोण बघतंय?"

माझ्या हातातला कप टेबलावर आपटला. चहा टॅबलेटवर सांडला. मी काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य होतं, "तिच्याकडे कोण बघतंय? मी सांगतो तुला तिच्याकडे कोण बघतं!" निखिल आतून धावत आला.

"बाबा, आवाज! भिंती पातळ आहेत इथे."

प्रसादचा चेहरा उतरला. तो रुमालानं टॅबलेट पुसत म्हणाला, "सॉरी काका, नाही आवडलं तर राहू दे."

राहू देणार नव्हतो. मी त्याला तिथेच बसवून एक हकिगत सांगितली. तीच इथे लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी आमची कंपनी काश्मीरमध्ये होती. सफरचंदाच्या बागांमध्ये टेकाडावर पोस्ट. रोजचं काम म्हणजे गस्त, नाका, कॉर्डन म्हणजे गावाला वेढा, आणि घरझडती. गस्त सकाळी पाचला बाहेर पडायची, अकराच्या आत परत यायची. परत येणाऱ्याला फाटकाच्या आत पाच पावलांवर थांबावं लागे. तिथे कमरेएवढी लाकडी पेटी होती, वाळूनं भरलेली, मागे मातीच्या गोण्या. प्रत्येकानं रायफलची नळी त्या वाळूत झुकवायची. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा. मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खोबणीत, राहू शकते, म्हणून शेजारच्या जोडीदारानं तिथे पाहायचं आणि म्हणायचं, "खाली," म्हणजे रिकामं. मी पलीकडे वही घेऊन उभा. मी बट नंबर, म्हणजे दस्त्यावर रंगवलेला हत्याराचा क्रमांक, पुकारायचो, उत्तर आलं की खूण करायचो. नंबर, खाली, खूण. नंबर, खाली, खूण. पाऊस असो, बर्फ असो, कुणाच्या घरून तार आलेली असो, यातून सुटका नव्हती.

या कामात नाईक विष्णू धुमाळ सगळ्यात कडक. नुसतं पाहून त्याचं समाधान व्हायचं नाही. तो करंगळी चेंबरमध्ये घालायचा आणि तीनदा म्हणायचा, "खाली, खाली, खाली." त्याची करंगळी तेलानं कायम काळी असे. पोरं त्याला चिडवायची की बायको त्याचा हात धरते तो करंगळी तेवढी सोडून. तोही हसायचा आणि पुन्हा करंगळी घालायचा.

कंपनीत एक तरुण कॅप्टन होते. नाव लिहीत नाही. माणूस धाडसी होता, जवानांच्या पुढे चालायचा. एका घरझडतीत अरुंद जिन्यावर एकानं त्यांची रायफल नळीकडून धरली. रायफल लांब, जिना अरुंद, वळता येईना. मागच्या जवानानं निभावून नेलं. त्या दिवसापासून साहेबांच्या डोक्यात बसलं की अंगावर एक छोटं पिस्तूल हवं. अधिकाऱ्याला परवानगी काढून स्वतःच्या खर्चानं घेता येतं. साहेबांनी नुकतीच मोटरसायकल घेतली होती, म्हणून स्वस्तातलं पाहत होते. तीन कागद घेऊन ते कोतमध्ये आले.

"गवस, बता. कौनसा?"

मला फार बरं वाटलं. साहेब आपलं मत विचारतायत. मी तिन्ही कागद नीट वाचले. एक महाग होतं. दुसऱ्याला बाजूला सेफ्टीचा खटका होता, तो कपड्यात अडकतो असं मी ऐकलं होतं. तिसरं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात स्वस्त. बाहेर खटका नाही, काढलं की चालतं. उघडून साफ करायला मात्र आधी ट्रिगर दाबावा लागतो. ते मी वाचलं. वाचलं आणि पुढे गेलो.

"ये वाला, साहब. जेब में पता भी नहीं चलेगा."

हे माझे शब्द. दोन महिन्यांनी पिस्तूल आलं. साहेबांनी ते बुलेटप्रूफ जॅकेटच्या आतल्या बाजूला ठेवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी गस्तीवरून परतल्यावर साहेबांनी रायफल वाळूत झुकवली. नंबर, खाली, खूण. मग मी वही धरून उभा राहिलो. साहेबांनी जॅकेटवर थाप मारली आणि हसले.

"ये पर्सनल है, यार."

मी वही मिटली.

नियम काय होता ते मला पाठ होतं. हत्यार सरकारी असो की खासगी, फाटकातून आत येताना रिकामं करायचं आणि कोतमध्ये जमा करायचं. पण त्या पिस्तुलाला बट नंबर नव्हता, आमच्या यादीत ओळ नव्हती, आणि साहेबाला 'दाखवा' म्हणून ओरडणं हवालदाराच्या जिभेवर येत नाही. येत नाही म्हणजे काय? मी आणलं नाही. शेपूट घातली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी त्या जॅकेटकडे पाहणंसुद्धा सोडलं. पाच महिने ते पिस्तूल रोज वाळूच्या पेटीपुढून तसंच आत येत होतं.

ज्या दिवसाचं सांगतो त्या दिवशी कॉर्डनहून पार्टी दहा पन्नासला परतली. आठ हत्यारं, आठ खाली, आठ खुणा. अकरा वाजता साहेबांना रेडिओवर बोलावणं आलं, पलटणीचे सीओ साहेब बोलणार होते. साहेबांनी जॅकेट उतरवलं, आतलं पिस्तूल काढून समोर आलेल्या पहिल्या माणसाच्या हातात दिलं. तो विष्णू होता.

"धुमाळ, इसको ज़रा साफ़ कर देना. पसीना लग गया है."

"जी साहब."

विष्णू कोतच्या मागे दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर बसला. चिंधी, तेल, ब्रश शेजारी. अकरा वीसला मी आत वही लिहीत असताना आवाज झाला. एकच. छोटासा. रायफलच्या आवाजाची सवय असलेल्या माणसाला तो फटाक्यासारखा वाटला. मी क्षणभर चिडलो की कोण खेळतंय.

बाहेर आलो तर विष्णू पेटीवरून खाली सरकला होता. ते पिस्तूल इतकं आखूड होतं की उघडायला पुढून धरलं की नळी आपल्याच अंगाकडे येते. गोळी जांघेत लागली होती. तिथे रक्त थांबवायला पट्टा बांधता येत नाही. नर्सिंगवाला जवान धावत आला. त्यानं फील्ड ड्रेसिंग दाबली, त्याच्या हातावर मी हात दाबले.

रेडिओ पलीकडच्याच खोलीत होता. सगळं ऐकू येत होतं. अल्फा म्हणजे आम्ही, टायगर म्हणजे पलटणीचं मुख्यालय.

"टायगर, टायगर, अल्फा. एक कॅज्युल्टी. गनशॉट. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"अल्फा, टायगर. दुश्मन का फायर? ओव्हर."

"नेगेटिव्ह."

"फिर किसका? ओव्हर."

"अपना. ओव्हर."

ढग खाली होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. अकरा एकतीसला आम्ही गाडीनं निघालो. हॉस्पिटल रस्त्यानं पन्नास मिनिटं. मी मागे, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. त्याच्या डाव्या हाताची करंगळी काळीच होती. तो शुद्धीवर होता. त्याला वेदनेपेक्षा लाज जास्त वाटत होती. हे मला आजही सहन होत नाही.

"हवालदार, मॅगझिन काढलं होतं मी."

"हो रे, काढलं होतंस."

"कसं उडालं मग?"

मी म्हणालो, बोलू नको. त्यानं आणखी एकदा तेच विचारलं. मी आणखी एकदा तेच म्हणालो. बारा वाजून चार मिनिटांनी तो गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. तीन अधिकारी, एक टेबल, वर हिरवं कापड. मला चार प्रश्न विचारले. हत्यार कोतच्या यादीत होतं का? नाही साहेब. नाईक धुमाळला ते हाताळायची लेखी परवानगी होती का? नाही साहेब. त्यानं मॅगझिन काढलं होतं का? होय साहेब. त्यानं चेंबर तपासलं होतं का? तपासलेलं दिसत नाही साहेब.

चारही उत्तरं खरी. एकही खोटं बोललो नाही. पिस्तूल कुणी निवडलं, हे कुणी विचारलं नाही. पाच महिने ते पेटीपुढून तसंच का गेलं, हेही कुणी विचारलं नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न तर कुणाला सुचलाच नाही. जो माणूस दुसऱ्याच्या रायफलीत करंगळी घालून तीनदा 'खाली' म्हणायचा, त्यानं त्या दिवशी करंगळी का घातली नाही?

त्याचं उत्तर मला माहीत होतं. आमच्या कंपनीत समज होता की जे गवस हवालदाराच्या वाळूच्या पेटीपुढून आत आलं, ते रिकामं. विष्णूनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

कागदावर निष्कर्ष आला, 'मृत्यू स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.' कॅप्टनसाहेबांना कडक पत्र मिळालं आणि त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि जीपमध्ये बसले. मला बढती मिळाली. होय, बढती. पुढच्याच वर्षी.

इथपर्यंत मी प्रसादला घरात सांगितलं. दोन गोष्टी आणि त्यांना धरून येणारं सगळं मात्र गाळलं. पिस्तूल मी निवडलं ते, आणि मी वही मिटली ते. तिथे मी 'कुणी तपासलं नाही' असं म्हणालो. वीस वर्षं मी हे असंच सांगत आलोय. निखिललाही असंच माहीत होतं.

प्रसाद म्हणाला, "वाईट झालं. पण काका, ते पिस्तूलच डिफेक्टिव्ह असेल. आता टेक्नॉलॉजी खूप पुढे गेलीये."

मी उठलो, चपला घातल्या. "चल, तुला स्टेशनवर सोडतो."

फुनाबोरी स्टेशन घरापासून सात मिनिटं. इचिकावाकडे जाणाऱ्या फलाटावर मी त्याला अगदी पुढच्या टोकाला नेलं. पाच वाजून बावीसला गाडी आली. ही सोड, पुढची घे म्हणालो, कारण मला त्याला काही दाखवायचं होतं. ड्रायव्हर एकटाच होता केबिनमध्ये. निघायच्या आधी त्यानं पांढऱ्या मोज्यातलं बोट समोरच्या सिग्नलकडे ताठ धरलं आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाला. मग घड्याळाकडे बोट, पुन्हा शब्द. मग गाडी हलली.

"बघितलंस?"

"हो, ते रोजच करतात. आधी मला जाम फनी वाटायचं."

"सिग्नल हिरवा आहे, हे त्याला दिसत नव्हतं का? दिसत होतं. रोज दिसतं. तरी बोट दाखवून बोलतो, ऐकायला कुणी नसताना. मी इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात हे पाहिलं आणि या बाकावर तासभर बसून राहिलो. सुनेला वाटलं म्हातारा हरवला."

मग मी त्याला सांगितलं. वीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते, उभ्या उभ्या, स्टेशनच्या घोषणा चालू असताना.

"पिस्तुलात काहीही दोष नव्हता. छान पिस्तूल होतं. ट्रिगर दाबला की उडायचं. ते मी निवडलं होतं. तुझ्यासारखाच कागद वाचून, वजन, लांबी, किंमत. आणि रोज फाटकावर मी त्याला पुकारायला हवं होतं, ते पुकारलं नाही. का? तर ते साहेबांचं आहे, छोटं आहे, मेन नाही. तू मघाशी म्हणालास ना, तिच्याकडे कोण बघतंय? तुझ्या शीटमध्ये स्टारचा रकाना आहे. रोज संध्याकाळी ती बॅगेतून काढून रिकामी आहे का हे कोण बघणार, त्याचा रकाना कुठाय? तिजोरीतल्या गनची तू काळजी घेशील. पोरीच्या हाताला लागेल ती दुसरी. मुद्दाम छोटी निवडलेली."

दोन शाळकरी मुली आमच्यापासून लांब सरकल्या. मग प्रसादनं जो प्रश्न विचारला तो कोर्ट ऑफ इन्क्वायरीतल्या तीन अधिकाऱ्यांना विचारता आला नव्हता.

"काका, त्या नाईकच्या घरच्यांना तुम्ही काय सांगितलंत?"

विष्णूला गावी घेऊन मीच गेलो होतो. पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटात. त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "माज्या पोरानं काय चूक केली, हवालदार?"

"हत्यार खराब होतं, आबा," मी सांगितलं होतं. हे मी प्रसादला सांगून टाकलं.

"म्हणजे त्यांना अजून माहीत नाही?" प्रसाद म्हणाला.

त्याची गाडी आली. तो चढला. दार बंद होताना तो माझ्याकडेच पाहत होता. मला त्याचा भयंकर राग आला. पोरसवदा माणूस, बंदूक कशी धरतात ठाऊक नाही, आणि मला विचारतो. घरापर्यंत मी त्याला शिव्या देत आलो. फाटकापाशी आल्यावर कळलं की शिव्या त्याला नव्हत्या.

नंबर मिळवायला चार दिवस लागले. पलटणीतल्या एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून गावच्या सरपंचाकडे. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे चारला, मी विष्णूच्या धाकट्या भावाला, महादेवला, फोन लावला. निखिलला समोर बसवलं, त्यानंही ऐकावं म्हणून. सगळं सांगितलं. कागद कुणी वाचले, कोणतं निवडलं, वही कुणी मिटली. महादेवच्या मागे कुठेतरी पंप चालू होता.

मग तो म्हणाला, "आबा दोन वर्सं झाली जाऊन."

"मला माहीत नव्हतं."

"शेवटपर्यंत सांगायचे सगळ्यांना, सरकारनं माज्या पोराला खराब हत्यार दिलं. लोक त्यांच्या पाठीमागं हसायचे. म्हणायचे, कागदावर तर हलगर्जी लिवलंय." त्याचा आवाज चढला. "वीस वर्सं कुठं होता तुम्ही, हवालदार?"

मी माफी मागितली.

"फोनवर माफी मला नको," तो म्हणाला. "पंधरा ऑगस्टला शाळेत गावातल्या गेलेल्या जवानांची नावं वाचत्यात. त्याचं वाचत न्हाईत. मास्तर म्हणतात, कागद आणा. तुमी कागद द्या. सही करून. तुमच्या तोंडानं वाचायचा, शाळेत उभं राहून."

"येतो," मी म्हणालो.

प्रसादचा आठवड्यानं मेसेज आला. छोटी घेत नाही म्हणाला. मोठीबद्दल काही लिहिलं नाही. मी विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर पुन्हा भांडण झालं असतं. विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी तो पिंकीला घेऊन भेटायला आला. ती अन्वीबरोबर जपानीत काहीतरी खेळत होती. मी तिच्या छोट्या हातांकडे पाहत बसलो.

कागद तयार आहे. निखिलनं टाइप करून देतो म्हटलं, मी नको म्हणालो. हातानं लिहिलाय. एक प्रत पलटणीला पाठवली. ते काय करतील ते त्यांचं त्यांना, पण या वेळी त्यांना न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिळतील. दुसरी प्रत ऑगस्टमध्ये गावच्या शाळेत वाचीन. रोज सकाळी अन्वीला बसमध्ये बसवलं की स्टेशनवर जातो आणि फलाटाच्या टोकाला उभा राहून तो पाठ करतो, मोठ्यानं. लोक बघतात. बघू देत.

नाईक विष्णू रामचंद्र धुमाळ. त्यानं मॅगझिन काढलं होतं. चेंबर तपासलं नाही, कारण ते आधीच तपासलेलं असणार अशी त्याला खात्री होती. ते तपासून घेण्याचं काम माझं होतं. मी नंबर पुकारला नाही. चूक हवालदार दत्ताराम गवस याची. विष्णूची नाही, नाही, नाही.